उंबरठ्याच्या आतला आणि बाहेरचा चोर

साकोली तालुक्यातील एकोडी हे भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यातील गाव. दिवाळीच्या मागेपुढे बांध्यांमधील धान कापले जाते, कडपा वाळत पडतात आणि मळणी होईपर्यंत घरची वर्षभराची कमाई पुंजण्याच्या रूपाने उघड्या आकाशाखाली उभी असते. त्या पुंजण्याला भिंत नाही, कडी नाही, कुलूप नाही. बोडीच्या काठावरचा मोटारपंप, रोहित्रातील तांब्याची तार, गोठ्यातील बैलजोडी यांची स्थिती फारशी वेगळी नसते. या पट्ट्यातील शेतकरी थंडीच्या रात्री कांबळे पांघरून जागलीला बसतो, तेव्हा त्याच्या हाताशी काठी असते, क्वचित कुऱ्हाडही असते. आणि मनात एक प्रश्न असतो. चोर आलाच तर हे हत्यार त्याच्यावर चालवावयाचे काय? आणि चालविले तर तुरुंगात कोण जाणार, तो की आपण?

हा प्रश्न एकट्या एकोडीचा नाही. नागपूरच्या वसाहतीत एकटे राहणारे निवृत्त दांपत्य, पुण्याच्या बंगल्यात परदेशस्थ मुलांच्या दूरध्वनीची वाट पाहणारे आईवडील, आडरानात वस्ती करून राहिलेले बागाईतदार कुटुंब, या सर्वांना तो कधी ना कधी पडलेला असतो. त्याची दोन ठराविक उत्तरे समाजात फिरत असतात. पहिले उत्तर ठाण्यातून मिळते: ‘कायदा हातात घेऊ नका.’ त्याचा व्यावहारिक अर्थ सामान्य माणूस असा लावतो की, चोर काय नेईल ते नेऊ द्यावे आणि सकाळी तक्रार नोंदवावी. दुसरे उत्तर चावडीवर आणि हल्ली भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मिळते: ‘सापडला की तुडवा.’ पहिले उत्तर भित्रेपणाला सभ्यतेचे वस्त्र नेसविते, तर दुसरे क्रौर्याला शौर्याचे. आणि या देशाचा कायदा व या देशाची परंपरा यांपैकी एकही यातील कोणत्याच उत्तराला दुजोरा देत नाही.

कायद्याचे प्रथम पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्यातील कलम ३४ ते ४४ ही खाजगी संरक्षणाच्या अधिकाराची कलमे आहेत. जुन्या दंडविधानात हीच तरतूद कलम ९६ ते १०६ मध्ये होती. स्वतःच्याच नव्हे, तर शेजाऱ्याच्याही देहाचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, असे ही कलमे निःसंदिग्धपणे सांगतात. हा अधिकार वापरून केलेले कृत्य अपराधच ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात या अधिकाराची तत्त्वे एकत्र मांडली. बेकायदा आक्रमण समोर ठाकले असता कायद्याने वागणाऱ्या नागरिकाने भेकडासारखे पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, असे त्यात स्पष्टपणे म्हटले आहे. तेव्हा ‘कायदा हातात घेऊ नका’ हे वाक्य अर्धसत्य आहे. कायद्यानेच काही भाग नागरिकाच्या हातात ठेवलेला आहे.

यातील एक विसंगती मात्र नोंदवावयास हवी. मूळ दंडविधानाचा मसुदा मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ साली तयार केला. येथील लोक अन्याय मुकाट्याने सोसतात, तेव्हा त्यांच्या प्रतिकाराला बंधने घालण्यापेक्षा त्यांच्यातील पुरुषार्थ जागविणे बरे, अशा आशयाचे समर्थन त्या मसुद्याच्या टिपणांत केलेले आढळते. हा कायदा १८६० मध्ये मंजूर झाला आणि १८६२ मध्ये अमलात आला. त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रकायदा आला आणि हिंदी माणसाच्या घरातील बंदूक परवान्याशिवाय गुन्हा ठरली. गोऱ्यांना त्यातून सूट होती. एका हाताने प्रतिकाराचा अधिकार द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने प्रतिकाराचे साधन काढून घ्यावयाचे, असा तो न्याय होता. स्वातंत्र्यानंतर त्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र कायद्याने घेतली. परवान्याची चौकट राहिली, आणि ती राहणे अयोग्यही नव्हे. परंतु शस्त्राकडे संशयाने आणि शस्त्र बाळगणाऱ्याकडे त्याहून अधिक संशयाने पाहण्याची जी सवय त्या काळात प्रशासनाला जडली, ती पुरती गेलेली नाही.

परंपरेचे काय? आपल्या धर्मशास्त्रात ‘आततायी’ ही संज्ञा आहे. वसिष्ठांनी सहा आततायी सांगितले आहेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि स्त्रीचे हरण करणारा. अशा आततायीला ठार केले तरी दोष नाही असे मनुस्मृती सांगते. हे वचन अनेकांना पाठ असते. मात्र ते वापरताना त्याच शास्त्राची दुसरी बाजू सोयीस्करपणे विसरली जाते. चोरीस गेलेले धन चोराकडून काढून ज्याचे त्याला परत करणे हे राजाचे कर्तव्य आहे, हेही मनूनेच सांगितले आहे. कौटिल्य तर आणखी पुढे जातो. राजाला चोरीचा माल परत मिळविता आला नाही, तर त्याने तो स्वतःच्या कोशातून भरून द्यावा असा त्याचा दंडक आहे. गावाच्या हद्दीत व्यापाऱ्यांचा माल लुटला गेला तर गावच्या मुख्याने भरपाई द्यावी, दोन गावांमधल्या रानात लुटला गेला तर विवीताध्यक्षाने, म्हणजे कुरणांच्या अधिकाऱ्याने, आणि जेथे कुरणही नाही तेथे चोररज्जुक नावाच्या अधिकाऱ्याने. चोरी झाली की कोणाला तरी जबाबदार धरावयाचे, आणि तो कोणी तरी शासनव्यवस्थेचा भाग असावयाचा, हे त्यामागचे तत्त्व.

महाराष्ट्रात या तत्त्वाने गावगाड्याचे रूप घेतले होते. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालदाराचे काम तपशिलाने आले आहे. चोराच्या पावलांचा माग काढीत जावयाचे, माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला की तेथल्या रखवालदाराच्या हवाली करावयाचा, आणि ज्या गावात माग हरवेल त्या गावाने चोरीची जबाबदारी घ्यावयाची. कोठे महार, कोठे रामोशी हे काम करीत आणि त्याबद्दल त्यांचे हक्क ठरलेले असत. म्हणजे एकट्या घरधन्याने अंधारात चोराशी झुंजावे ही आपली परंपरा नव्हे. राखण हे गावाचे, नेमलेल्या आणि उत्तरदायी माणसांचे काम होते. इंग्रजी अमदानीत पोलीस ठाणे आले, गावची ही जबाबदारी सैल झाली. आणि ठाणे मात्र गावापासून कित्येक मैलांवर राहिले.

आता एकोडीच्या जागलीवरच्या माणसाकडे पुन्हा वळू. संहितेच्या कलम ४१ प्रमाणे मालमत्तेच्या रक्षणासाठी समोरच्याचा प्राण घेण्यापर्यंत जाण्याची मुभा मोजक्याच प्रसंगी आहे. जबरी चोरी होत असेल. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणी घरफोडी करीत असेल. राहत्या घराला किंवा माल साठविण्याच्या इमारतीला कोणी आग लावीत असेल. अथवा साधी चोरीही अशा रीतीने होत असेल की, प्रतिकार न केल्यास मृत्यू किंवा जबर दुखापत ओढवेल अशी रास्त भीती वाटावी. याबाहेरच्या प्रसंगी बळ वापरता येते, प्रसंगी इजाही करता येते. प्राण मात्र घेता येत नाही.

याचा अर्थ असा की, मध्यरात्री दाराची कडी उचकटून माजघरात शिरलेल्या इसमाशी घरधनी कुऱ्हाडीने लढला आणि तो इसम मेला, तर कायदा घरधन्याच्या बाजूला उभा राहू शकतो. घरात बायकामुले निजलेली आहेत, समोरच्याच्या हाती काय आहे ते दिसत नाही, विचार करावयास क्षणही नाही, हे कायदा जाणतो. अशा वेळी प्रतिकाराचे मोजमाप सोनाराच्या काट्यावर करावयाचे नसते, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. धान साठविलेल्या कुलूपबंद कोठाराचे कुलूप रात्री तोडणाऱ्यालाही हाच नियम लागू होतो, कारण माल ठेवण्याची इमारत कायद्याच्या लेखी घरच आहे. परंतु नाल्यावरचा पंप उचलून नेणारा? पुंजण्यातले भारे बैलगाडीत टाकणारा? त्याला हटकता येईल, अडविता येईल, पकडता येईल, झटापटीत चार काठ्या बसल्या तर त्याही समजून घेता येतील. त्याच्या डोक्यात कुऱ्हाड घालता येणार नाही.

शेतकऱ्याला ही रेषा अन्यायाची वाटेल, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पुंजणे पेटवून देण्याचे प्रकार धानपट्ट्याला अपरिचित नाहीत. शहरातल्या सदनिकेतून दूरचित्रवाणी संच चोरीला गेला तर कुटुंबाची एक संध्याकाळ बिघडते. पुंजणे जळाले तर कुटुंबाचे वर्ष जळते. तरीही आग लावणाऱ्याविरुद्धची ती टोकाची मुभा कायद्याने भिंती असलेल्या इमारतीपुरती ठेवली आहे. पुंजण्याला भिंत नाही म्हणून शेतकऱ्याची वर्षभराची कमाई दुय्यम ठरावी काय, हा प्रश्न विधिमंडळात विचारावयास हरकत नाही. नव्या संहितेवर एवढी चर्चा झाली. शेतातील उभ्या कमाईचा विचार त्यात झाला असता तर बरे झाले असते. तथापि कायदा बदलेपर्यंत जो आहे तो असा आहे, आणि त्याची माहिती नसल्यामुळे एखादा कष्टाळू माणूस आयुष्यभरासाठी तुरुंगात जावा हे कोणालाच परवडणारे नाही.

दुसरी रेषा काळाची आहे आणि ती अधिक फसवी आहे. संरक्षणाचा अधिकार धोक्याबरोबर जन्मतो आणि धोक्याबरोबर संपतो. घरफोडी चालू आहे तोवर तो असतो. चोर पळाला, माल टाकून गेला, की तो उरत नाही. जयदेव विरुद्ध पंजाब राज्य हा १९६२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या बाबतीत पायाभूत मानला जातो. तो लिहिला साताऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेल्या न्या. गजेंद्रगडकर यांनी. शेतजमिनीवरून दोन गट भिडले होते, बंदुका चालल्या होत्या. आपल्या शेताचे रक्षण करण्याचा अधिकार आरोपींना होता, येथवर न्यायालय त्यांच्याबरोबर होते. परंतु शेत मोकळे झाल्यावर, दूरवर पळत चाललेल्या माणसांवर झाडलेल्या गोळ्यांना त्या अधिकाराचे कवच मिळाले नाही.

इंग्लंडमध्ये याच प्रश्नाने एका काळी सारा देश ढवळून निघाला होता. ऑगस्ट १९९९ मध्ये नॉरफोक परगण्यातील टोनी मार्टिन नावाच्या शेतकऱ्याने रात्री आपल्या एकाकी घरात शिरलेल्या दोन चोरांवर बंदूक झाडली. सोळा वर्षांचा एक मुलगा मेला. त्याला गोळी पाठीत लागली होती. मार्टिनच्या घरी यापूर्वीही चोऱ्या झाल्या होत्या आणि पोलिसांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. त्याच्या हातातील बंदुकीला परवाना नव्हता. २००० साली त्याला खुनाबद्दल जन्मठेप झाली. २००१ मध्ये अपिलात मानसिक स्थितीच्या कारणावरून तो गुन्हा सौम्य ठरला, आणि २००३ मध्ये तो सुटला. निम्मा इंग्लंड त्याला नायक मानीत होता. पुढे २०१३ मध्ये तेथील कायद्याने घरात घुसलेल्या आगंतुकाविरुद्ध घरधन्याला आणखी थोडी मोकळीक दिली. तरीही पाठमोऱ्या माणसावर गोळी झाडण्याची मोकळीक कोणी दिली नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्याचे उदाहरण आपल्याकडे कौतुकाने पुढे पाठविले जाते. तेथे रात्रीची चोरी रोखण्यासाठी प्राणघातक बळ वापरण्याची मुभा आहे हे खरे. मात्र मालाचे रक्षण अन्य कोणत्याही उपायाने शक्य नसावे, वा अन्य उपायात स्वतःच्या जिवाला गंभीर धोका असावा, ही तेथील अट पाठविणारे गाळून टाकतात.

शस्त्र म्हणजे केवळ बंदूक वा कुऱ्हाड नव्हे. धानपट्ट्यात आज सर्वांत घातक शस्त्र आहे ते कुंपणात सोडलेल्या वीजप्रवाहाचे. रानडुकरे आणि चोर दोघांपासून सुटका म्हणून शेताभोवती तार ओढावयाची आणि वाहिनीवर आकडा टाकून रात्री प्रवाह सोडावयाचा, हा प्रकार नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांना नवा नाही. काठी धरणारा हात निदान समोर कोण आहे ते पाहतो. तार पाहत नाही. चोर, शेजारी, पहाटे नैसर्गिक विधीला निघालेली म्हातारी, शेताचा मालक स्वतः, सारे तिला सारखेच. सर्वोच्च न्यायालयासमोर १९६३ मध्ये बिहारमधील असेच एक प्रकरण आले होते. परक्यांनी आपले शौचकूप वापरू नये म्हणून मालकाने वाटेत प्रवाहित तार बसविली होती आणि एक स्त्री मेली. आगंतुक झाला म्हणून तो कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, असे न्यायालयाने ठणकावले आणि मालकाची शिक्षा कायम केली. ज्या रक्षणात रक्षणकर्ता स्वतः उपस्थितच नाही, त्याला संरक्षणाचा अधिकार म्हणता येत नाही. तो सापळा होय.

सापळ्याहूनही भयंकर असते ती अफवेने पेटलेली गर्दी. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, अहिल्यानगर, बीड अशा जिल्ह्यांत रात्री आकाशात ड्रोन फिरू लागले आणि चोरांच्या टोळ्या घरांची टेहळणी करतात अशी धास्ती पसरली. गावोगाव तरुण काठ्या घेऊन जागू लागले. त्यांची भीती खोटी नव्हती, जागण्यात गैरही नव्हते. परंतु अशा जागण्यातून काय घडू शकते याची जखम महाराष्ट्राच्या अंगावर आधीच आहे.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे जुना आखाड्याचे महंत कल्पवृक्षगिरी महाराज, सुशीलगिरी महाराज आणि त्यांचा चालक यांना जमावाने ठार मारले. गुरूंच्या अंत्यसंस्कारासाठी ते सुरतकडे निघाले होते; टाळेबंदीमुळे आडवाटेने जात होते. त्याआधीचे काही दिवस त्या परिसरात चोर, मुले पळविणारे, अवयव काढून नेणारे फिरत असल्याच्या अफवांनी थैमान घातले होते आणि गावे रात्रीची राखण करीत होती. दोनच दिवस आधी तेथे सेवाकार्यासाठी आलेल्या एका डॉक्टरच्या गाडीवरही हल्ला झाला होता. एवढी सूचना मिळूनही प्रशासन जागे झाले नाही. सत्तर वर्षांचे वृद्ध महंत पोलिसाचा हात धरून चालत आहेत आणि तो हात सुटतो आहे, हे दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरू शकलेले नाहीत. पुढे काही पोलीस बडतर्फ झाले, शंभरावर लोकांना अटक झाली. त्या रात्रीमागे आणखी काय होते, कोणी चिथावणी दिली, हे प्रश्न विचारले गेले आणि ते विचारले जाणे योग्यच होते. परंतु एक गोष्ट नाकारता येणार नाही. त्या गर्दीला ज्या शब्दाने एकत्र आणले तो शब्द ‘चोर’ होता. भगव्या वस्त्रांनीही त्या शब्दापुढे रक्षण केले नाही.

त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मारले गेले. मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली ही माणसे मुले पळविणारी असल्याचा संशय होता. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, म्हणजे गावाच्या सभ्यतेचे जे घर, त्यात कोंडून त्यांना मारले. २०२४ मध्ये न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. ज्यांच्या पूर्वजांनी नाथांचा संप्रदाय दारोदार जिवंत ठेवला, त्यांच्या वाट्याला हे मरण आले.

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोरांनी पळता पळता लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडविला. ऋषी मौनात होते. राजाच्या शिपायांनी माल पाहिला, चोरांबरोबर ऋषींनाही धरले आणि सुळावर दिले. सुळाचे टोक अंगात राहिले म्हणून त्यांचे नाव अणीमांडव्य पडले. पुढे त्यांनी प्रत्यक्ष यमधर्माला जाब विचारला आणि त्याला शाप दिला. तोच विदुर होऊन जन्मला अशी ही कथा. ऐन रात्री, ऐन संशयात, जो बोलू शकत नाही किंवा ज्याची बोली गावाला कळत नाही, त्याला चोर ठरविणे किती सोपे असते, हे व्यासांना ठाऊक होते.

या संशयाला आणखी एक जुने मूळ आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी संपूर्ण जमातींनाच जन्माने चोर ठरविले. पोलिसांकडे हजेरी, तारेच्या कुंपणातली वसाहत, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, जमाती विमुक्त झाल्या. गावकऱ्यांच्या आणि ठाण्यांच्या मनातला कायदा मात्र रद्द झाला नाही. तुळजापूरजवळ यमगरवाडीला गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारधी व अन्य भटक्या-विमुक्त मुलांसाठी जे काम उभे केले, त्याची गरज ज्यामुळे पडली ती हीच गोष्ट. चोरी झाली की प्रथम पालावर धाड पडते. पारध्याच्या पोराने वसतिगृहात राहून शाळा शिकावी अशी इच्छा बाळगणाऱ्या समाजाने, रात्री रस्त्यावर भेटलेल्या त्याच्या बापाला आधी नाव विचारावयास हवे, काठी त्यानंतरची.

बंदुकीच्या परवान्यासंबंधीही दोन शब्द आवश्यक आहेत. रानातील एकाकी वस्ती, वन्यपशूंचा उपद्रव, पूर्वी झालेला दरोडा अशी कारणे असतील तर परवान्यासाठी अर्ज करण्यात संकोच नको, आणि तो अर्ज वर्षानुवर्षे धूळ खात ठेवण्याचा अधिकार जिल्हा प्रशासनालाही नाही. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे कमाल दोन बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. मात्र परवाना हा बाळगण्याचा आहे, झाडण्याचा नव्हे. झाडलेल्या गोळीचे उत्तर प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे द्यावे लागते, आणि आपण स्वसंरक्षण करीत होतो हे न्यायालयात दाखविण्याचा भार झाडणाऱ्यावरच असतो. तो भार पूर्ण सिद्धतेचा नसून संभाव्यतेचा आहे एवढाच काय तो दिलासा. विजयादशमीला शस्त्राची पूजा होते तेव्हा ते स्वच्छ पुसलेले, म्यानात किंवा पाटावर ठेवलेले असते. वर्षातील उरलेल्या दिवशीही घरातल्या बंदुकीची जागा मुलांच्या हाताबाहेर, कुलपातच असावयास हवी.

मग एकोडीच्या शेतकऱ्याने करावयाचे काय? कायद्यात त्याच्यासाठी आहे ते पुरेसे वापरले जात नाही, ही खरी अडचण. डोळ्यांदेखत अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्यास कोणताही नागरिक पकडू शकतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६३-ब मध्ये ग्राम सुरक्षा दलाची तरतूद आहे. तिच्याखाली नेमलेल्या तरुणांची नावे ठाण्यात नोंदलेली असतात, त्यांना कोणी तरी उत्तरदायी असते. अनेक गावांत हे दल गणेशोत्सवातील बंदोबस्तापुरते उरले आहे, आणि पोलीस पाटलाचे पद रिकामे असल्याच्या तक्रारी तर सार्वत्रिक आहेत. पोलिसांनीही हे दल म्हणजे आपल्या कामावर अतिक्रमण असे मानू नये. ११२ क्रमांकावर दूरध्वनी केल्यापासून गाडी पोहोचेपर्यंतचा वेळ याच तरुणांनी भरून काढावयाचा असतो.

कापणीला हात लागण्यापूर्वी, साधारण कोजागरीच्या सुमारास, गावाने एक बैठक घ्यावी. कोणत्या रात्री कोणती चार घरे जागणार हे ठरवावे, ती यादी पोलीस पाटलामार्फत ठाण्यात द्यावी. विजेऱ्या, शिट्ट्या आणि काठ्या एवढे साहित्य पुरे. कुऱ्हाडी घरी ठेवाव्या. पुंजणी शक्य तेथे एकमेकांजवळ रचावी, म्हणजे एका जागलीत तिघांची राखण होते. पंपावर आणि पाइपांवर मालकाचे नाव कोरून ठेवावे. भंगार व्यापाऱ्याकडे तसा माल विकणे मग सोपे राहत नाही. कुंपणात वीज सोडणाऱ्याला गावानेच रोखावे. आणि बहुरूपी, डवरी, मेंढपाळ, पोटासाठी फिरणारे जे कोणी शिवारात मुक्कामाला येतील, त्यांच्याशी दिवसाउजेडीच बोलावे, नावगाव विचारून घ्यावे, पाण्याची जागा दाखवावी. ती हजेरी नव्हे, ओळख असावी. रात्री दोन वाजता विजेरीच्या झोतात तोच चेहरा पुन्हा दिसला, तर जागलीवरच्या चौघांपैकी निदान एकाला तो ओळखता आला पाहिजे.